तातेची चाल

आई पहिल्यांदा न्यू जर्सीला आली तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता. प्रवासाने दिवस-रात्रीचा घोळ झालेला, त्यामुळे भरदुपारी झोपली आणि दिवेलागणीला उठली. जिन्याच्या तोंडाशी येऊन तिने खाली बेसमेंटकडे वाकून पाहिलं आणि म्हणाली, "पिंजारी आलाय का रे?"

खाली मी डबल बेस वाजवत होतो. वाजवत होतो म्हणजे बारा बारांचं ब्लूजचं एकच आवर्तन अर्धा तास घोटत होतो. एका बारात चार ठोके, प्रत्येक ठोक्याला एक स्वर. बोटं सोलवटलेली, पाठ आंबलेली, आणि वरून विचारणा होते आहे, पिंजारी आलाय का. मी हसलो. मग हसू विरलं, कारण तिचा कान बरोबर होता.

शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्यात दसऱ्यानंतर पिंजारी यायचा. ओसरीच्या तुळईला दोर बांधून तो आपलं पिंजण टांगायचा. लांब लाकडी दांडा आणि त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली एकच तात. डाव्या हाताने दांडा कापसावर तोलून धरायचा आणि उजव्या हातातल्या लाकडी ठोकळ्याने तात ओढून सोडायचा. ढुंग. ढुंग. ढुंग. ढुंग. गादीत दगड होऊन बसलेला कापूस त्या धक्क्याने उसळायचा, फुलायचा; पिंजाऱ्याच्या भुवया आणि मिशा दुपारपर्यंत पांढऱ्या. आवाज काही फार मोठा नव्हता. पण तो ओसरीच्या फरशीतून तळपायांना कळायचा. आतल्या खोलीत आम्ही पाढे म्हणत असू, तर थोड्या वेळाने सगळ्यांचे पाढे त्या ठेक्यात पडलेले असायचे. कोणी ठरवलेलं नसायचं. पिंजाऱ्याला तर आम्ही आत आहोत हेही ठाऊक नव्हतं.

जाझमध्ये बेसवाल्याचं काम याहून फारसं वेगळं नाही.

पिंजाऱ्याची तात आतड्याची असायची. माझ्या बेसवरच्या जी आणि डी या वरच्या दोन्ही ताती आतड्याच्याच आहेत. खालच्या ए आणि ई यांच्या गाभ्यात आतडं आणि वरून तांब्याच्या तारेचा वेढा. तार आणि तात असे दोन निरनिराळे शब्द मराठीकडे आहेत ही मोठी सोय आहे. तार म्हटली की धातू, तात म्हटली की जनावर. इंग्रजीला दोन्हीकडे एकच शब्द पुरवावा लागतो.

"कशाची आहे रे ती?" आईने खाली येऊन विचारलं. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे मी जरा चाचरलो. मेंढीचं आतडं, म्हणालो. जाड तातींसाठी गुराढोरांचंही वापरतात हे मी गिळून टाकलं. माझ्या पाकिटावर मेंढीच लिहिलेलं होतं, तेवढ्यावर माझा जीव भांड्यात होता. आईने बोटाने जी हलकेच दाबून पाहिली आणि म्हणाली, "बरं. आपल्या पखवाजाला तरी काय असतं? कातडंच की."

विषय संपला. मी मात्र त्याची तयारी दोन दिवस करत होतो.

आतड्याची तात होते कशी, ते ऐकायला फारसं गोड नाही. आतडी धुवायची, खरवडायची, क्षाराच्या पाण्यात भिजत ठेवायची, उभ्या पट्ट्या फाडायच्या, ओल्या असतानाच पीळ भरायचा, ताणून वाळवायच्या आणि मग घासून गुळगुळीत करायच्या. इटलीतल्या आणि जर्मनीतल्या काही गावांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच केलं. शस्त्रक्रियेच्या टाक्यांचा कॅटगट हाही याच घराण्यातला. नावात मांजर आहे, पण मांजरीचा संबंध नाही. आपल्याकडे सारंगीच्या मुख्य तीन ताती बकऱ्याच्या आतड्याच्या असतात, हे सारंगियाला सांगावं लागत नाही. माझ्यासारख्याला मात्र ते समुद्र ओलांडून, चाळिशी उलटल्यावर, दुसऱ्याच वाद्यावर कळलं.

आता आवाजाबद्दल. बेसची सगळ्यात खालची ई सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते, सगळ्यात वरची जी ९८ वेळा. पोलाद हे आतड्याच्या जवळजवळ सहापट जड, म्हणून तोच स्वर हवा तर पोलादाची तार बारीक चालते, तात मात्र जाडजूड लागते. माझी जी दोन मिलिमीटरांहून जाड आहे, सुतळीसारखी दिसते. ती पोलादाइतकी ताणलेली नसते, म्हणून छेडल्यावर ऐसपैस हलते. तिला हलायला जागा द्यायची तर घोडी उंच ठेवावी लागते, आणि घोडी उंच म्हणजे डाव्या हाताला प्रत्येक स्वरासाठी तात पट्टीपर्यंत खोल दाबत न्यायची. पहिले सहा महिने मला मूठ वळवता येत नव्हती. उजव्या हाताच्या तर्जनीच्या कडेला फोड, फोडावर फोड, आणि मग एक दिवस तिथे टाचेसारखी कातडी.

पण खरा फरक आस या गोष्टीत आहे. हा आपल्या वाजवणाऱ्यांचा शब्द, आणि त्याला पर्याय मला अजून सापडलेला नाही. तार छेडल्यावर स्वर मागे जो रेंगाळतो ती त्याची आस. पोलादाची आस लांब. तातेची आखूड. आतडं स्वतःच कंप पिऊन टाकतं, त्यातही वरचे बारीक उपस्वर आधी. त्यामुळे सुरुवातीला एक धप्पकन उठाव येतो, डग्ग्यावर तळवा पडावा तसा, मागोमाग गोल घुमारा, आणि लगेच काही नाही. स्वर मरतो. तुम्ही काही करा, मरतो.

हे मला आधी वैगुण्य वाटायचं. लहानपणी घरात तंबोरा असलेल्या माणसाला ते वाटणारच. आमच्याकडे स्वर टिकवणं ही साधना. षड्ज किती वेळ हलू न देता धरलास, यावर गुरुजींची मर्जी. माझे इथले मास्तर न्यूअर्कचे. इथे शिक्षकाला नुसत्या नावाने हाक मारतात, ते माझ्या जिभेला जमेना. मी त्यांना 'सर' म्हणत राहिलो आणि ते दरवेळी मागे वळून पाहत, कोणी मोठा माणूस आला की काय. दिवसा टपाल वाटायचे, रात्री वाजवायचे. असं ३० वर्षं केलं. सारा व्हॉनचं आणि वेन शॉर्टरचं हे गाव, पण मास्तरांना त्याचं अप्रूप नव्हतं. दुसऱ्याच शिकवणीत त्यांनी माझा डावा हात धरला. मी प्रत्येक स्वर पुढच्या स्वराच्या अगदी दारापर्यंत ओढत नेत होतो, चांगल्या मुलासारखा. ते म्हणाले, त्याला जाऊ दे. गेल्याशिवाय पुढचा आलेला कळणार कसा?

मग त्यांनी मला बेस खाली ठेवायला लावला आणि खोलीतून चालायला लावलं. पाऊल टेकलं की दुसरं उचलतंच, ते बघ, म्हणाले. दोन्ही पाय जमिनीला चिकटवून कोणी चालत नाही.

इंग्रजीत या वादनाला 'वॉकिंग' म्हणतात. मराठीत मी मनाशी 'चाल' म्हणू लागलो, आणि मग गंमत लक्षात आली. चाल म्हणजे चालणं आणि चाल म्हणजे गाण्याची धून, असे आपल्याकडे दोन अर्थ आहेत आणि बेसवाल्याला दोन्ही एकाच हाताने करायचे असतात. तो ठेका देतो आणि त्याच ठोक्यात स्वरही देतो. तबला आणि तंबोरा दोन्ही त्याच्याच पदरात. पियानोवाला कुठल्या स्वरमेळाच्या दिशेने वळणार आहे ते त्याच्या आधी अर्धं पाऊल बेस सांगतो. म्हणून स्वर सुटा हवा. त्याला डोकं हवं आणि शेपूट नको.

ही चाल एका दिवसात आली नाही. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवरच्या बँडमध्ये खालचा सूर फुंकायला ट्यूबा असे. आत, नाचाच्या खोल्यांमध्ये, डबल बेस गजाने वाजे. बिल जॉन्सन नावाच्या बेसवाल्याचा गज ऐन कार्यक्रमात मोडला आणि त्याने उरलेली रात्र बोटांनी निभावली, तिथून बोटांनी वाजवण्याची रीत पडली, अशी एक सांगोवांगी आहे. बोटं आधीही वापरत असणारच, पण गोष्ट चांगली आहे. एवढ्या कर्ण्यांपुढे ऐकू जाण्यासाठी तात खेचून पट्टीवर सपकन आपटायची, हा त्या काळचा उपाय. त्याला आतड्याचीच तात हवी; पोलाद तसं आपटून पाहा, बोटांची सालपटं निघतील. १९२५ मध्ये विजेचा मायक्रोफोन ध्वनिमुद्रणात येईपर्यंत बेस तबकडीवर नीट उमटतच नव्हता. म्हणजे जाझची पहिली काही वर्षं आपण पायांशिवाय ऐकतो.

मग कॅन्सस सिटीचा वॉल्टर पेज. काउंट बेसीच्या बँडमध्ये त्याने चारही ठोके समान केले. आधी नाचवणारे दोन ठोके असत, खाली-वर, खाली-वर. पेजने त्या जागी सपाट, लांब रस्ता घातला आणि सगळा बँड त्यावर घरंगळत निघाला. शेजारी फ्रेडी ग्रीन, त्याच्या गिटारला विजेची जोड नाही; जो जोन्स ड्रम्सवर. या तिघांचं ऐकताना पहिल्यांदा बेस ऐकूच येत नाही. मग कधीतरी कळतं की आपण इतका वेळ पाय हलवतोय तो त्याच्यामुळे.

जिमी ब्लँटनबद्दल मी थोडक्यात लिहू शकत नाही, म्हणून फार लिहीतच नाही. १९३९ मध्ये ड्यूक एलिंग्टनला तो सेंट लुईमध्ये सापडला, विशी नुकती ओलांडलेला. एलिंग्टनने त्याला बँडच्या पुढे उभं केलं, स्वतः पियानोवर साथ करत त्याच्याबरोबर दोघांच्याच तबकड्या काढल्या. बेस नुसता चालत नाही, बोलतो, हे त्या पोराने दाखवलं. १९४२ मध्ये क्षयाने गेला. वय २३. तेव्हाचं ध्वनिमुद्रण, तेव्हाच्या ताती, पुढे पंधरा माणसांचा बँड, आणि तरी त्याचा प्रत्येक स्वर टाळूला लागतो.

आणि पॉल चेंबर्स. २ मार्च १९५९, न्यू यॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावर एका जुन्या चर्चमध्ये थाटलेला कोलंबियाचा स्टुडिओ, आणि माइल्स डेव्हिसचं 'सो व्हॉट'. यात मुख्य धून बेस वाजवतो आणि बाकीची वाद्यं दोनच सुरांत त्याला उत्तर देतात. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला शाहीर दिसला. तो एक ओळ टाकतो आणि मागचे झीलकरी 'जी जी' म्हणून ती उचलतात, तसंच. चेंबर्स तेव्हा २३ वर्षांचा. तात दोन कानांनी ऐकावी तर इथे. स्वराच्या आधी बोटाचा मांसल स्पर्श ऐकू येतो, नंतर लाकूड ऐकू येतं, आणि मधली जागा स्वच्छ मोकळी आहे. पोलादावर ती जागा भरून गेली असती.

पोलाद आलं ते याच सुमारास. पन्नास-साठच्या दशकांत व्हिएन्नाहून बेससाठी पोलादी दोरखंडाच्या गाभ्याच्या तारा आल्या. तुटेनात, हवेने बिथरेनात, घोडी खाली घेता येई, बोटं पळवता येत. तरुणांनी त्या उचलल्या यात नवल काही नाही. मीही उचलल्या असत्या. पाठोपाठ ड्रम्स वाढले, मग विजेच्या गिटारी, मग घोडीखाली कंप टिपणारा पिकअप आणि बेसवाल्याच्या पायाशी अँप्लिफायर. साठच्या दशकाच्या अखेरीस तात जवळजवळ संपली.

यात कुणाची चूक काढायला मी बसलेलो नाही. आपल्याकडे रबाबाचा सरोद झाला तेव्हा हेच झालं. तातींच्या जागी पोलादी तारा चढल्या, लाकडी पट्टीवर धातूचा पत्रा आला, कारण आलापाला, मींडेला आस हवी होती आणि आतडं ती देईना. संगीताने मागितलं म्हणून वाद्य बदललं. जाझमधल्या बेसवाल्यांनाही गावंसं वाटत होतं. पण सत्तरच्या दशकातल्या रेकॉर्डी ऐका. बेस थेट तारेने यंत्रात घातलेला, लाकडाचा पत्ता नाही, प्रत्येक स्वर ताणलेल्या रबरासारखा कुंईकुंई करतो आणि सोडत नाही. मोठमोठे वादक, सगळे माझ्याहून हजारपटीने थोर, आणि आवाज असा. पुढे ऐंशीच्या दशकात डेल्फियो मार्सालिस नावाच्या निर्मात्याने रेकॉर्डच्या वेष्टनावर छापायला सुरुवात केली, की लाकडाचा आवाज मिळावा म्हणून या मुद्रणात बेस थेट यंत्रात घातलेला नाही. म्हणजे शुद्ध तुपाच्या डब्यावर लिहितात तसं. मधल्या काळात काय हरवलं होतं ते त्या ओळीवरून कळावं.

चार्ली हेडनने मात्र तात सोडली नव्हती. आयोवातल्या एका गाणाऱ्या कुटुंबातला हा मुलगा. घरची सगळी मंडळी रेडिओवर लोकगीतं गायची, हाही अगदी लहानपणापासून. पंधराव्या वर्षी पोलिओने गळा धरला आणि गाणं सुटलं. वरच्या दोन ताती आतड्याच्या, खालच्या दोन तारा पोलादाच्या, असा त्याचा संसार. १९५९ मध्ये सॅक्सोफोनवाल्या ऑर्नेट कोलमनबरोबर त्याने जे वाजवलं त्यात स्वरमेळांचा ठरलेला क्रमच नव्हता; कोलमन वाटेल तिकडे निघे आणि हेडन त्याच्या पायाखाली जमीन सरकवत राही. तो फार थोडे स्वर वाजवतो. एवढे थोडे, की नवशिक्याला वाटतं हे आपल्यालाही येईल. मी तीन वर्षं त्याची एक सोलो उतरवून घोटतो आहे. स्वर सगळे येतात. त्यांच्यामधलं अंतर येत नाही.

तातेचा जाच मात्र खरा. ती हवेवर जगते. जुलैत इथली हवा कोकणासारखी चिकट होते, तेव्हा सकाळी लावलेला सूर संध्याकाळी ओळखू येत नाही. जानेवारीत घरातला हीटर सगळी ओल शोषून घेतो, मग ती कोरडी, चिडकी होते. खोलीत पाण्याचं भांडं ठेवावं लागतं, तिच्यासाठी. महिन्याभरात तिला केस फुटतात. बोटांच्या घर्षणाने पिळातले धागे सुटे होऊन उभे राहतात. ते ओढायचे नसतात, ओढले तर पीळ उसवतो. नखं कापायच्या कात्रीने मुळाशी छाटायचे आणि बदामाच्या तेलाचं बोट फिरवायचं. बायको एकदा पाहुण्यांसमोर म्हणाली, एवढी निगा आमची कोणी राखली नाही. पाहुणे हसले. मीही हसलो, कात्री खिशात टाकून.

आणि तुटते. दोन हिवाळ्यांपूर्वी आम्ही चौघं एका हॉटेलात वाजवत होतो. चाळीस लोक जेवत होते, त्यातले सहा-सात ऐकत होते. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर जी तुटली. पोलाद तुटतं तेव्हा झणत्कार होतो. तात तुटली तेव्हा ओला टॉवेल झटकावा तसा आवाज आला आणि तिचं टोक माझ्या गालावर बसलं. बदली तात घरी. मी तीनच तातींवर पुढचे दीड तास काढले. वर जायची सोय नाही; सोलो आली तरी सगळं खालच्या माजघरातच. निघताना ड्रमवाला म्हणाला, आज तू बरा वाजवलास. मी रागावलो नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं.

मास्तरांना फोनवर सांगितलं. त्यांनी गालाची चौकशी केली नाही. कितवी सोलो, कुठला सूर, तात किती जुनी, एवढं विचारलं आणि म्हणाले, माझ्याकडे एक पडून आहे, येऊन घेऊन जा. गेलो तर त्यांनी कपाटाच्या तळातून एक पिवळट कागद काढला. आत गुंडाळलेली तात, मधासारखा रंग, कधी विकत घेतली ते त्यांनाही आठवेना. त्यांच्या स्वतःच्या बेसवर आता पोलाद आहे. संधिवाताने बोटं वाकली, उंच घोडी झेपत नाही. माझ्यासमोर त्यांनी ती तात दोन बोटांत धरून ताणली, कानाशी नेली, अंगठ्याने छेडली आणि कागदात परत ठेवली. पैसे घेतले नाहीत. खाली गाडीपर्यंत सोडायला आले, आणि त्यांची चाल मी पहिल्यांदाच नीट पाहिली: डावा पाय किंचित उशिरा, पण चुकत नाही.

ती तात मी बरेच दिवस चढवली नाही. या शनिवारी चढवली. नवी तात पहिला आठवडाभर ताणत राहते. सूर लावावा, तासाभरात उतरलेला. लावावा, पुन्हा उतरलेला. ही तर इतकी वर्षं कागदात झोपलेली. रविवारी सकाळपर्यंत मी खुंटी वीसेक वेळा पिळली असेल. त्यातच आईचा पुण्याहून फोन. ती आता ८४ वर्षांची आहे आणि विमानात बसणार नाही म्हणते. फोन स्पीकरवर टाकून मी एका हाताने तात छेडत होतो. ढुंग. खुंटी. ढुंग. खुंटी.

पलीकडे ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "झाली का रे गादी भरून?"

"कुठली होतेय," मी म्हणालो. "दोन दिवस पाऊस आहे. कापूस फुलतच नाही."